नरेशचं एक्स्टिंग्विशर-पुराण

पुंगोल, ३ मार्च

आदरणीय बेबीताईंना,
राणीचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, बाबा सोडून. फोनवर बोलायची सोय नाही, तुमचे बंधू शेजारीच असतात. म्हणून हे पत्र.

दिवसभर जुरोंग आयलंडवरच्या तेल-कारखान्यात आग लागू न देण्याचा पगार घेऊनही नरेशचं समाधान होत नाही. आता त्याने शंभर वर्षं जुना पितळी फायर एक्स्टिंग्विशर आणून टीव्हीशेजारी मांडलाय. येईल त्याला पोहे आणि पुराण. दोनशे वर्षांपूर्वी एडिंबरोत आग लागली, बंबाचं पाणी वरच्या मजल्यांपर्यंत पोचेना. ते पाहून एका इंग्रज कप्तानाने तांब्याच्या भांड्यात पोटॅशचं पाणी आणि दाबलेली हवा भरली, एकट्याला उचलता येईल असा बंब केला. मग फ्रान्समध्ये सोड्याचं पाणी आणि आम्लाची बाटली आली. भांडं उलटं केलं की दोन्ही मिसळून वायू व्हायचा आणि पाणी जोरात बाहेर यायचं. इथे नरेश ते रिकामं पितळ दोन्ही हातांनी उलटं करून दाखवतो. दर रविवारी.

जानेवारीत बाबांच्या हातून दूध उतू गेलं. तेवढ्यावरून त्यांना शेगडीची बंदी! आई गेल्यापासून स्वतःचा चहा स्वतः करणारा माणूस, आता मी ऑफिसातून येईपर्यंत थर्मासमधला सकाळचा चहा पितो. त्यांच्या इथे राहायच्या व्हिजिट पासची मुदत एप्रिलअखेर संपते. वाढवू नका, नागपूरला एकटा राहीन, म्हणतात. मला ते इथेच हवेत. नरेश माझं ऐकत नाही, तुम्हीच कान पिळा.

लोभ आहेच, तो थोडा रागावूनही कळवा.

तुमची
राणी


चंद्रपूर, २१ मार्च

चि. सौ. राणीस,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून आधी हसले, मग संताप आला. हा तोच नरेश, लवंगी फुटली की पलंगाखाली शिरणारा! त्याला माझा निरोप दे. चूल बंद ठेवूनच आग टाळायची असती, तर त्या कप्तानाने भांडं घडवलंच कशाला? लोक चूल पेटवणारच, हे त्याला कळत होतं. आमच्या इंजिनिअरला कळत नाही.

बाबा नागपूरला एकटे राहिले तर मला इथे झोप लागायची नाही. मागच्या वर्षी घेरी येऊन पडले, ते शेजाऱ्यांना संध्याकाळी कळलं. काहीही कर, पण त्यांना जाऊ देऊ नकोस.

तुला भरपूर माया, नरेशला जेमतेम.

बेबी


पुंगोल, १६ एप्रिल

आदरणीय बेबीताईंना,
सविनय जयभीम.

निरोप दिला होता. भावना आणि सुरक्षितता यांत गल्लत करू नये, असं बंधूंचं उत्तर आलं.

परवा जयंतीला नरेशच्या कंपनीतला उज्ज्वल आणि त्याची बायको हर्षा जेवायला होते. निर्धोक तळण कसं असतं ते दाखवायला नरेश स्वतः भजी तळायला उभा राहिला. पुराण सुरू झालं. तोंड पाहुण्यांकडे, पाठ कढईकडे. स्वारी फ्रान्सला पोचली आणि इकडे तेलाने पेट घेतला.

नरेशने भिंतीवरचा नवाकोरा एक्स्टिंग्विशर ओढला आणि, ताई, चक्क उलटा केला. आधी उपसायची पिन जागच्या जागी. तसाच धरून उभा, आता काहीतरी बाहेर येईल म्हणून. पाहुण्यांना वाटलं प्रात्यक्षिकच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठले, गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं आणि परत येऊन बसले. कुणाला इजा झाली नाही. छत तेवढं काळं झालं, आणि तुमच्या बंधूंचं तोंड.

आज सकाळी नरेशने कंपनीची बस जाऊ दिली. बाबांसमोर उभं राहून माफी मागितली, पास वाढवू द्या म्हणाला. बाबा थेट शेगडीपाशी गेले. त्यांनी चहा ठेवला, गाळला, सगळ्यांना दिला. नरेश कप हातात धरून रडला. मलाही राहवलं नाही.

मग बाबांनी सांगितलं, राहतो, पण एक अट आहे. ते स्वयंपाकघरात नसतील तेव्हा नरेशने शेगडीला हात लावायचा नाही.

नरेशने मान्य केलंय.

आम्हा सगळ्यांवर अशीच नजर असू द्या.

तुमची
राणी