खांद्यावरचा हात

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दंडवत. प्रत्यक्ष घातलेला नाही, नुसता कळवतो आहे. घातला तर उठवायला दोन माणसं लागतील आणि सध्या घरात एकच आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? सूनबाईंशी बोलणं सुरू झालं, की अजून नातवामार्फत निरोप चालले आहेत? (खरं काय ते लिही. तू 'सगळं छान' लिहिलंस की मला काळजी लागते.) माझी प्रकृती ठीक. डोळे मात्र गेल्यात जमा आहेत. दारात माणूस उभा आहे की कुणी कपाट आणून ठेवलंय, हे ते बोलल्यावर कळतं. तेव्हा हे अक्षर माझं नाही. भावाचं अक्षर या वयात सुधारलं म्हणून तुला आनंद झाला असेल, तर तो आवर.

लिहिणारा कोण, ते सांगतो. गल्लीच्या तोंडाशी ती काचेची कंपनी उभी राहिली, हे तुला मागे कळवलंच होतं. ती नेमकं काय बनवते हे मला तिघांनी समजावून सांगितलं आणि तिघांनी तीन तऱ्हेचं सांगितलं. ती आल्यावर भाडी वाढली, शिंपी गेला, किराणावाला गेला, समोरचं बिऱ्हाड गेलं, आणि गल्लीत ओळखीचं कुणी उरलं नाही तेव्हा कंपनीला गल्लीचा कळवळा आला. 'आपले आजोबा' नावाची योजना निघाली. प्रत्येक कर्मचाऱ्याने महिन्यातून एक दुपार एका म्हाताऱ्याला द्यायची. मला कुणी विचारलं नाही. लग्नावाचून आजोबा झालेला आपल्या घराण्यातला मी पहिलाच असेन.

पहिल्या खेपेला कंपनीचे टी-शर्ट घातलेले पाच-सहा जण आले. चालू असलेला दिवा बदलला, तो बंद पडला. कपाट आवरलं, तेव्हापासून माझा एक पायजमा बेपत्ता आहे. मग फोटो. फोटोवाल्याला काही जमेना, म्हणून त्याने एकाला माझ्या खांद्यावर हात ठेवून हसायला सांगितलं. तोच हा. मी त्याला प्रवासी म्हणतो.

महिन्याने यायचा तो पुढच्याच आठवड्यात एकटा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. ऑफिस भरायच्या वेळेला येतो, सुटायच्या वेळेला जातो, डबा इथेच खातो. ताई, माझी सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली. बिनतिकिटाचा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. तो विचारायच्या आधी उत्तर देतो, एवढंच. हाही दारातून आत येता येता म्हणायचा, "आज काम जरा कमी आहे काका, म्हटलं चक्कर टाकावी." मी काही विचारलेलंच नसायचं. शेवटी एकदा म्हटलं, "केव्हा काढलं?" तर जे रडायला लागला ते थांबेचना. (हे लिहायचं नाही म्हणतो. लिही रे, ताई काही परकी नाही.)

झालं असं की एका सकाळी कंपनीच्या दाराने त्याचं कार्ड घेतलंच नाही. दारावरचा रखवालदार एरवी हसून बोलायचा, तो त्या दिवशी जमिनीकडे बघत राहिला. टेबलावरचं सामान घरी पाठवून देतो म्हणाले, तेव्हा याने हातापाया पडून ते खोकं तिथेच मागून घेतलं, कारण घरी बायको आहे, तिला सातवा महिना आहे आणि डॉक्टरांनी तिला फार जपायला सांगितलंय. दुसरी नोकरी मिळेपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही, असं याने ठरवलं. ते खोकं आता माझ्या पलंगाखाली आहे आणि माझ्या पायाचा अंगठा त्याला चांगला ओळखतो.

दुपारी तिचा फोन येतो. अशा वेळी मी आतल्या खोलीतून खर्जात ओरडतो, "अहो, मीटिंग सुरू झाली!" जन्मभर साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, आता स्वतःच साहेब झालोय. (तिने याला विचारलं म्हणे, तुमचे साहेब इतके म्हातारे कसे?) पण ताई, फोनवर ती "जेवलात का" म्हणते ते मला पलीकडून ऐकू येतं, आणि मग मी हातातला घास परत ताटात ठेवतो.

गेल्या आठवड्यात तर कहर झाला. कंपनीच्या समाजसेवेच्या बाई न कळवता दारात हजर. प्रवासी ताटावरून उठून बाथरूममध्ये लपला आणि आत बादलीवर आदळला. मी म्हटलं, उंदीर. बाई म्हणाल्या, उंदरांसाठी आमचा वेगळा विभाग आहे. मग त्यांनी मला आमच्या त्या फोटोची मोठी फ्रेम भेट दिली. हाच फोटो कंपनीत शिरताना भिंतभर लावलाय म्हणाल्या. जाता जाता असंही सांगितलं की योजना आता बंद होते आहे, पण नातं कायम राहील.

बाई गेल्यावर हा बाहेर आला आणि फ्रेम हातात घेऊन बघायला लागला. मी विचारलं, अरे, कसा आलोय मी? म्हणाला, "तुम्ही छान आलाय काका. मला कापलंय." नोकरीतून काढलेला माणूस फोटोतूनही काढला होता. पण हात माझ्या खांद्यावर, तो कापायचा तर माझा खांदाही जायचा. म्हणून मनगटापर्यंत हात तेवढा राहू दिला. मी म्हटलं, फेकून दे ते. तर नको म्हणाला, कंपनीत माझं तेवढंच शिल्लक आहे. खिळा ठोकून फ्रेम भिंतीला लावली. मग आम्ही राहिलेलं जेवलो.

बाकी सर्व क्षेम. मी तुझ्याकडे येऊन राहण्याचा विषय उत्तरात काढू नकोस, मी इथे मजेत आहे. सूनबाईंना आशीर्वाद सांग, नातवामार्फत का होईना.

तुझा धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुझ्या थोरल्याला गोदामावर भरवशाचा माणूस हवा होता ना? हा शिकलेला आहे, कष्टाळू आहे, चहा बरा करतो. थोरल्याकडे शब्द टाक. बाळ यायच्या आत काम झालं पाहिजे.

आणखी एक. अगदी उद्याच्या उद्या व्हावं असं नाही. थोरल्याला नीट विचार करू दे. पावसाळा जाऊ दे हवं तर. प्रवासी लिहायचा थांबलाय, म्हणून पुरे करतो.

आत्या, हे खालचं काकांनी सांगितलेलं नाही. मला नोकरी लागली आहे, लांबच्या गावी, येत्या पहिल्या तारखेपासून. घरी सगळं सांगून टाकलं. बायको आधी रडली, मग म्हणाली, त्या म्हाताऱ्या साहेबांना सांगितलंत का? सांगायचं ठरवूनच रोज येतो आणि न सांगता जातो. ती आता दुपारचा फोन मुद्दाम करते, त्यांना ओरडता यावं म्हणून. सुट्टीच्या दिवशी मी नसतो तेव्हा ते जेवत नाहीत, मी ठेवलेला डबा तसाच असतो. निघायच्या आधी मी त्यांना सांगेनच, पण पहिल्या तारखेला सकाळी तुम्ही इथे याल का? येताना अंगावर पिवळं काहीतरी असू द्या, तो एकच रंग त्यांना अजून दिसतो. कंपनीचा टी-शर्ट पिवळा आहे, म्हणून मी रोज तोच धुऊन घालतो. त्यांना वाटतं, माझ्याकडे दुसरा नाहीच.