गवंपरी

प्रिय नर्सबाई,

तू महिनाअखेरीस नोकरीसाठी परगावी जाणार आहेस, हे तुझ्या भावाकडून कळलं. माझ्याकडून चकार शब्द आला नाही म्हणून फुगली असशील. पण आधी गंमत ऐक.

काल दादाच्या पाट्या रंगवायच्या दुकानात (हल्ली मीही तिथेच ब्रश धरतो) एक नवरा-बायको आले. बेकरी काढताहेत. पाटीवर नाव हवं होतं ‘गवंपरी’! हातातला रंगाचा डबा पडता पडता राहिला. दोघंही आपल्याच कॉलेजची. आपण दोघं भागाभागाने लिहून कॉलेजच्या भिंतीवर लावायचो ती गोष्ट उभ्याउभ्या वाचायची म्हणे. दादाचा डबा घेऊन आलेल्या वहिनीने नाक मुरडलं, हे कसलं गं बाई नाव? मग मी सुटलोच. एक गवंडी, मागाहून आलेली एक परिचारिका. गवंडी मी लिहायचो, परिचारिका तू, आणि एकाने दुसऱ्याच्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचा नाही, हा आपला कायदा. वाचणाऱ्या पोरांनी दोघांना जोडून गवंपरी केलं, अगदी पहिल्या भागापासून, असं मी ऐटीत ठोकून दिलं. तर वहिनी म्हणते, भाऊजी, पहिल्या भागात ती आली तरी होती का?

नव्हती आली. पहिल्या भागात नुसता गवंडी, एकटाच भिंत बांधतोय आणि अख्ख्या जगावर खेकसतोय. तोच कागद चिकटवताना, खळीचे हात माझ्या सदऱ्याला पुसत तू म्हणाली होतीस, आपल्या गवंपरीचं चांगलं व्हायला हवं. ही कोण, म्हणून मी विचारलं, तर म्हणालीस, कळेल. मला कळायला लोकांना बेकरी काढावी लागली! पोरांनी नाव तुझ्याकडूनच उचललं. परिचारिका तर तू नंतर आणलीस, म्हणजे जोडी तू आधीच जुळवली होतीस.

शेवटच्या भागात तिने गवंड्याला विचारलं होतं, मनात काय आहे ते एकदा बोलशील का? पुढचा भाग माझा. पण सरांनी ‘असले चाळे इथे नकोत’ म्हणत भिंतीवरचा तो कागद टराटरा फाडला, माझं टाळकं सटकलं, आणि कॉलेजला मी कायमची पाठ दाखवली. तिचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

गवंड्याचं उत्तर लिहायला बसलो की तो फार छान बोलतो. मला तसं जमत नाही. म्हणून आज गोष्ट बाजूला ठेवून माझं मीच लिहितोय. मला तू हवी आहेस. जाऊ नकोस असं म्हणणार नाही, नोकरी तू कमावली आहेस. पाट्या काय, कुठल्याही गावाला लागतातच. मी येऊ का?

तुझाच,
भडकू