फोटोतला ट्रम्पेटवाला

आदिलाबाद,
रविवार

प्रिय चंपत यास देवानंदचा जय भीम.

तब्येत कशी आहे? वहिनींचे गुडघे कसे आहेत? सात वर्षांत मी दोन ओळी टाकल्या नाहीत, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच. (फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड.)

झालं असं, की इथल्या एका कॉलेजात आता संगीताचा धंदा शिकवतात. संगीत नव्हे, धंदा. पोरांनी वर्षभर खरीखुरी कंपनी चालवायची, एखादा कलाकार धरायचा, तिकीट लावून त्याचा कार्यक्रम करायचा, अन् त्यावरच पास-नापास. गेल्या महिन्यात नेहा नावाची मुलगी फाईल घेऊन दारात उभी. मला वाटलं विमेवाली, म्हणून देवानंद घरी नाही असं मीच तिला सांगितलं. ती म्हणाली, "सर, क्लॅरिनेटवाले तुमीच ना? आमच्या कंपनीले तुमी पायजे." आपला बँड मोडल्यापासून मी कोणाला पाहिजे होतो? लगेच दस्तखत ठोकून मोकळा झालो. (कागद तेलुगूत होता.)

मग तिनं फोटो मागितला. युनिफॉर्मातला माझा एकच फोटो आहे, अन् त्यात एका हातात ट्रम्पेट, दुसरा हात माझ्या खांद्यावर, असा तू उभा आहेस. कापून द्यावा म्हणून कात्री घेतली. पण तुझा हात कापावा लागत होता, म्हणून तसाच दिला. तू येणार नाहीस, हे मात्र सांगितलं नाही. इचोड्याच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरला, अन् हायवेच्या धाब्याधाब्यावर पोस्टरातून आपण दोघं चिकटलो.

त्या दिवशी सत्तर-ऐंशी माणसं आली. जैनथची जयवंताबाई पहिल्याच रांगेत. तिच्या तिन्ही पोरांच्या वराती आपणच वाजवल्या. ती मोठ्यानं म्हणाली, "काऊन रे देवानंद, चंपत कुठी हाय?" मी क्लॅरिनेट पुसत राहिलो. पुसायला त्यात काही उरलं नव्हतं.

नेहा जवळ आली. "सर, ते येऊन नाही राह्यले?"

"नाही."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

मी पुन्हा फडकं उचललं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची मुलगी माईकपाशी गेली अन् म्हणाली, "पोस्टरवरचे ट्रम्पेटवाले आज नाहीत. चूक आमच्या कंपनीची आहे. ज्यांना जायचं त्यांनी तिकिटाचे पैसे परत घ्या." निम्मे लोक उठून गेले. माझी चूक तिनं अंगावर घेतली, चंपत, अन् मी एकसष्ट वर्षांचा माणूस खाली पाहत उभा होतो.

मग वरातीची आपली धून धरली. तुझी, ट्रम्पेटची जागा आली. ती मला पाठ आहे, एकट्यानं भरता आली असती. पण ओठ चालेनात. तुझ्या मात्रा मनात मोजल्या, अन् पुढं उचललं. दरवेळी तसंच. तिसऱ्यांदा जयवंताबाईनं त्या रिकाम्या जागेत ताल धरून टाळ्या दिल्या, मग सगळ्यांनी. जे बसले होते त्यातला एकही शेवटपर्यंत उठला नाही.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार.

तुझा,
देवानंद

ता.क. नेहाच्या मास्तरांनी फाईल अडवली आहे. फोटोतल्या दुसऱ्या कलाकाराची परवानगी नाही, म्हणून नापास करतो म्हणतात. सोबत कागद आहे, फुलीपाशी दस्तखत कर. त्यासाठीच हे पत्र लिहिलं.

आणखी ता.क. त्यासाठीच नाही. आपल्या शेवटच्या लग्नात चारचौघांत मी तुला बेसूर म्हटलं, अन् तू ट्रम्पेट पेटीत ठेवून निघून गेलास. बेसूर मी गेलो होतो. मला तेव्हाच कळलं होतं.

अखेरचा ता.क. नेहा म्हणते, कागद टपालानंही चालतो. तू टपालानं पाठवू नको.