जडपणा कुठून येतो

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्यावरचा राग काही जात नाही. स्वतःवरचा मी अधूनमधून विसरतो, तुझ्यावरचा नाही. खुलताबादेकडची शेरडं विकून तू नुकतीच मुकुंदवाडीच्या माझ्या दोन खोल्यांत राहायला आली होतीस. बोकड नुसता उचलून वजन सांगणारी बाई म्हणून डोंगरभर तुझं नाव, आणि मी नवाकोरा फिजिक्सचा प्राध्यापक. कॉलेजातले दोघं चहाला आलेले. स्टोव्हला पंप मारता मारता तू म्हणतेस, "करडू मेलं की लई जड लागतं रं. जीव गेला तर हलकं व्हाया पायजे का नाय? मंग जडपणा येतो कुठून?"

दोघंही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वजन तेच असतं. तुला नाही कळायचं, तू चहा बघ," मी खेकसलो. खरं तर मलाच कळत नव्हतं. वस्तुमान म्हणजे पदार्थातलं द्रव्य, एवढं फळ्यावर लिहून मी मोकळा व्हायचो. उत्तर तेव्हाही पुस्तकांत होतं, मी ती उघडली नव्हती.

तू रडली नाहीस, भांडली नाहीस. संध्याकाळी ताट वाढून म्हणालीस, "तुमी हात धुवा, जेवून घ्या." पोटच्या पोराला तुमी! वाटलं, दोन दिवसांत निवळशील. मरेपर्यंत तू मला पुन्हा अरे म्हणाली नाहीस. शेजारणी कौतुक करायच्या, आई मुलाला केवढा मान देतात. एवढी शिक्षा करायची होती का गं?

तू गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, वस्तुमान कुठून येतं याचा पुरावा देणारा कण सापडल्याची बातमी आली, तेव्हा कुठं मी नीट वाचायला बसलो. ऐक. सगळीकडं, त्या खोलीतसुद्धा, एक क्षेत्र भरून आहे. इलेक्ट्रॉनसारखे बारीक कण त्याच्याशी बांधलेले असतात, म्हणून त्यांना वस्तुमान आहे. प्रकाश त्याला दाद देत नाही, म्हणून त्याला ते नाही. पण करडाच्या वजनात हा वाटा पायलीत मूठभर. बाकीचं येतं अणूच्या गाभ्यातून. तिथं आणखी बारीक कण कोंडलेले असतात, त्यांची धावपळ क्षणभर थांबत नाही. त्या धावपळीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या बळाची ऊर्जा, तेच आपल्या हाताला वजन म्हणून लागतं. जीव गेला तरी ती धावपळ चालूच राहते, म्हणून करडू हलकं होत नाही. अंग सैल पडल्यानं उचलायला उलट जड जातं. तुझा प्रश्न अगदी रास्त होता.

आता शाळाशाळांतून मला व्याख्यानाला बोलावतात. मी सुरुवात करतो, "लहानपणी शेरडांमागं फिरताना मला एक प्रश्न पडला..." पोरं टाळ्या वाजवतात. मी एक दिवस शेरडांमागं फिरलो नाही, तू फिरू दिलं नाहीस. गेल्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "सर, तुमच्या आईनं काय उत्तर दिलं होतं?" मी म्हणालो, तिला यातलं काही कळत नव्हतं.

घरात कुणाच्या हाती लागलं तर पंचाईत होईल, म्हणून हे पत्र आत्ताच फाडून टाकतो आहे.