राउटरची घरघर

शनिवार, संध्याकाळ

नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेत तिसऱ्यांदा नापास. आणि चूक कसली, तर राउटरमध्ये कुणाला आत सोडायचं याचे नियम लिहिले आणि स्वतःच्याच कॉम्प्युटरचा पत्ता घालायला विसरलो. एंटर दाबलं आणि स्क्रीन थिजली. मीच बाहेर! ऑफिसात नव्या लोकांवर याच गोष्टीवरून ओरडतो ना मी?

घरी आलो आणि सरावासाठी घेतलेल्या जुन्या राउटरचा प्लग खेचून काढला. त्याच्या पंख्याची घरघर थांबली. "उद्या विकून टाकतो," मी सायलीला म्हटलं.

"वीक. पण आधी हिला झोपव," ती म्हणाली आणि रडणारी ईरा माझ्याकडे दिली.

जन्मापासून त्या घरघरीतच झोपणारी आमची पोर. गाणी म्हटली. गॅलरीत नेऊन आमच्या उमेळे गावात उरलेली केळीची वाडी दाखवली. छे! शेवटी राउटर पुन्हा सुरू केला. घरघर ऐकली आणि खांद्यावरच झोपली.

आता बंद करायची सोय नाही. नुसतं बसवतही नाही. पण पुन्हा परीक्षा देऊन कशाला स्वतःचं हसं करून घ्यायचं?

तरी राउटरला लॅपटॉप जोडला. सगळ्यात आधी स्वतःला आत घेणारी ओळ लिहिली.