हायड्रोचं झाकण

पांडेसरा, सुरत
ता. १८ ऑगस्ट १९९६

चि. धनश्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईचा खोकला थांबला, बरं वाटलं. इकडे सर्व ठीक.

न्यूटनचे नियम समजत नाहीत म्हणतेस. नुसते पाठ करू नकोस. आमच्या मिलमध्ये ओलं कापड निथळायला हायड्रो मशीन आहे. भोकाभोकांचा मोठा ड्रम गरगर फिरतो. पाण्याला कोणी बाहेर ढकलत नाही. ते सरळ जायला बघतं, भोक मिळालं की सुटतं. कापडाला मात्र ड्रमची भिंत वळवत राहते. हा पहिला नियम. स्विच बंद केल्यावरही ड्रम फिरत राहतो, तोही पहिलाच.

थांबायला किती वेळ लागेल, ते दुसरा सांगतो. ब्रेकचा जोर तेवढाच, पण आत भार जास्त, तर वेग सावकाश उतरतो. रिकामा ड्रम एका मिनिटात थांबतो, भरलेला तीन मिनिटं घेतो. मी घड्याळ लावून मोजलंय.

म्हणून झाकणाला लॉक असतो. ड्रम थांबेपर्यंत ते उघडत नाही.

आपल्या दाजींचा हात त्याच मशीनमध्ये गेला. तुम्हाला नुसतं "लागलंय" कळवलं होतं. उजवा हात कोपरापासून काढला. डावाही मोडला, प्लास्टरमध्ये आहे.

लॉक मी काढला होता. सुपरवायझर मीच, माल वेळेत निघत नव्हता. दाजी म्हणाले होते, "ललितभाऊ, हे बरं नाही." मी म्हणालो, "दाजी, बीएस्सी मी झालोय की तुम्ही?"

मालकाने कागदावर दाजींची चूक लिहिली. साक्षीदार म्हणून मी सही केली. चार दिवस तसाच कामावर गेलो. मग कारखाना निरीक्षकांकडे जाऊन खरं लिहून दिलं. नोकरी गेली.

त्याच संध्याकाळी छायाताईने विचारलं, "माले खरं सांग, भाऊ." सांगितलं. आठ दिवस ती बोलली नाही. नवव्या दिवशी दारात आली, आत आली नाही.

"उद्यापासून मी साडी कटिंगच्या कामाला जाते. दुपारी यांना तू जेवू घाल."

रोज जातो. दाजी माझ्याकडे बघत नाहीत. घास पुढे केला की तोंड उघडतात.

तिसरा नियम सरांना विचार. हे पत्र आईला वाचून दाखव, काही गाळू नकोस.

तुझा, आणि छायाताईचाही भाऊ,
ललित