बाबांनी बसवलेला थर्मोस्टॅट

वॉटफर्ड, जानेवारी २००७
शनिवार संध्याकाळ

घर छान गरम झालंय, तरी मला चैन नाही. हॉलमधला थर्मोस्टॅट बिघडल्यापासून घर गरम ठेवणारा बॉयलर मनाला येईल तेव्हा बंद पडायचा, आणि इंजिनिअर सोमवारशिवाय येणार नव्हता. दुपारी ड्यूटीवरून आले तर सासऱ्यांनी नवा आणून भिंतीवर बसवूनसुद्धा टाकलेला! चिंचवडच्या कारखान्यात जन्मभर हीच वायरिंगची कामं केली, म्हणाले. इथे आल्यापासून त्यांचा चेहरा एवढा खुललेला पहिल्यांदाच बघितला.

मग मी काय बोलणार? "वा, बाबा!" म्हटलं. पण तो टक् करून सुरू झाला की माझे कान टवकारतात. वायरी नीट लागल्या असतील ना? त्यांचा लेक नितीन हॉस्पिटलमध्ये ऑन कॉल, आमची छोटी सई वर झोपलेली. बाबा फिरायला गेले की इंजिनिअरला गुपचूप बोलवावं का? छे, हे असलं काय सुचतंय मला?

पुन्हा टक्. हॉलमध्ये गेले, तर बाबा आधीच तिथे, थर्मोस्टॅटला कान लावून.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. इथल्या वायरींचे रंग वेगळे आहेत. सोमवारी तुझा तो माणूस येऊ दे, एकदा बघून जाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तोवर बंदच ठेवूया का?"

"हो, ठेवूया."

सईला आणखी एक पांघरूण घालून आले. घर भराभर गार होतंय. बाबा समोर शाल पांघरून, मान खाली घालून बसलेत. मी इतक्या चटकन हो म्हणायला नको होतं.